मदत हवी आहे: नैरोबीत 60 मुलांसाठी चपात्या

नमस्कार मंडळी. किबेरा वस्तीतल्या एका पाळणाघरात मी मदतीला जाते. आया धुणीभांडी, भाजीविक्रीला गेल्या की 2 ते 5 वर्षांची 60 पोरं तिथे असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला वर्षअखेरीचा कार्यक्रम आहे आणि फर्माईश एकच: चपाती! (इथेही चपातीच म्हणतात.) आपल्याला रोजची, पण इथल्या गरीब घरांत ती नाताळला होते, मैद्याची, जाडसर, पदर सुटणारी. सोबत न्देंगू, म्हणजे आपले हिरवे मूग.

हाताशी दोन जिको, म्हणजे कोळशाच्या शेगड्या, आणि चार बायका. आदल्या रात्री अर्धवट भाजून ठेवल्या तर वातड होतील का? 2 किलो मैद्याच्या साधारण किती होतात?

शिवाय पाऊस असला तर एवढ्याशा खोलीत कुठले खेळ घ्यावेत? संगीत खुर्ची सोडून सांगा, मागच्या वेळी नुसती रडारड झाली.