दुसऱ्याचं दुःख कळत नाही म्हणे!

गोधडीवाली:
परवा इथे एकाने लिहिलं, "स्वमग्न माणसांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही. त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवावं, माणसांत नको." दोन दिवस डोकं सणकलंय. माझं स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान 33व्या वर्षी झालं. बाबांच्या दहाव्याला मी रडले नाही म्हणून आत्या अजून बोलत नाही. नंतर चार महिने बसून बाबांच्या शर्टांची गोधडी शिवली, हाताने, धावदोरा घालत. आई तीच पांघरते. कळलं नाही ते कुणाला?

तिरकस:
गोधडी छानच. पण रडणाऱ्या आईच्या पाठीवर हात ठेवायला चार महिने लागत नाहीत. संशोधक काय उगाच म्हणतात?

गोधडीवाली:
कुठले? 1985ची ती सॅली-ॲनची बाहुल्यांची परीक्षा? 20 स्वमग्न मुलांपैकी 16 चुकली. सॅली बाहेर असताना ॲन तिची गोटी दुसरीकडे लपवते; परत आल्यावर सॅली ती कुठे शोधेल, एवढाच प्रश्न होता. दुःख कुठे आलं त्यात? डेमियन मिल्टन हा संशोधक स्वतः स्वमग्न आहे, त्याने 2012मध्येच मांडलंय की अडचण दुहेरी आहे. तुम्हालाही आम्ही कळत नाही. नापास मात्र आम्हीच.

व्याकरणवेडा:
अवांतर: 'स्वमग्न' हा शब्दच घोळ घालतो. स्वतःत मग्न! निकाल आधीच लावलेला.

घाटावरचा:
इंग्रजी 'ऑटिझम'मध्ये काय वेगळं आहे? ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1911मध्ये तो शब्द वापरला, तोही स्किझोफ्रेनियाबद्दल. आपण इमानदारीत भाषांतर केलं.

व्याकरणवेडा:
इमानदारीत चूक उचलली म्हणा.

तिरकस:
'अपंग'चं 'दिव्यांग' केलं. रॅम्प झाले?

व्याकरणवेडा:
माझ्या भाचीला वर्गात बाई "ए स्वमग्न, इकडे बघ" म्हणतात. ते शब्दानेच होतं ना? उगाच बोलू नका.

घाटावरचा:
त्या बाईंना दुसरा शब्द द्या, आठवड्यात त्याचीही शिवी करतील.

नाशिकचा बाप:
शब्दांचा कीस काढून झाला असेल तर बोलतो. माझा मुलगा 26चा, बोलत नाही, दाढी मी करतो. असल्या गोधड्यांचे फोटो बघून नातेवाईक विचारतात, "याच्यात काय कला आहे?" काही नाही! 2016च्या अपंग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण, त्यातला 1 टक्का स्वमग्नांना, तोही बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वगैरेंबरोबर वाटून. लिहिता येणारे त्यावर लिहीत नाहीत.

गोधडीवाली:
तुमच्या मुलाच्या वतीने मी बोललेच नाही. पण फोटो टाकताना हे डोक्यात आलं नव्हतं, खरंय.

तिरकस:
चला, सापडली समानुभूती. ह. घ्या.

नाशिकचा बाप:
हलकं कसं घेऊ? मला ताप आला की तो उठून पंखा बंद करतो. एरवी त्या बटणाला कुणाला हात लावू देत नाही. माझ्यासाठी करतो की आणखी कशासाठी, देव जाणे. पण "कळत नाही" असं मी तरी लिहिणार नाही.

तिरकस:
बरं. चार महिन्यांचं मागे घेतो. सॅली-ॲनचं नाही.