अनुभव धागा: तणावाचे दिवस आणि सीमाभागातला वर्ग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि तेव्हापासून ही एकच तारीख आपल्याकडे दोन तऱ्हांनी पाळली जाते. एका रस्त्याने कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी भाषकांची निषेधाच्या काळ्या दिनाची फेरी निघते, आणि दोन्हींकडची मुले दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर येऊन बसतात. या भागावर हक्क सांगत महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. इथे तो विषय नको. त्या बाकाशी तुमचा काय संबंध आला, काय जमले आणि काय फसले, एवढेच लिहावे. संस्थेचे वा व्यक्तीचे नाव घालू नये.

निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्या दिवशी मी वर्गात होतो. बातमी मोबाइलवर येऊन थडकलीच होती, तेव्हा पुस्तक मिटून मी म्हणालो, की आज आपण याच विषयावर मोकळेपणाने बोलू. मला वाटले होते, मुले तावातावाने बोलतील. पण मागच्या बाकावरची, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बस बंद होणार म्हणे. आम्ही घराकडं कसं जाऊचं?”

मला शरम वाटली. चर्चा तिथेच ठेवून आम्ही एका कागदावर नावे काढली: कोण कुठून येते, शहरात कोणाचे नातेवाईक आहेत, घरचा कोणता फोन लागतो. बेळगावची रिक्षा सीमेवरच्या शिनोळीपर्यंत जाईल आणि तिथून पुढे पालकांनी मुलांना न्यावे, असे ठरले. दोन मुलींच्या घरी फोनच लागेना. त्या दोघी आमच्या कन्नड विभागातल्या मॅडमच्या घरी राहिल्या. आठवड्याने वर्गात चर्चा झाली तेव्हा त्यांतली एक सर्वांत आधी बोलली आणि तिचे बोलणे अर्थातच मॅडमच्या घरापासून सुरू झाले. त्या दिवशी मी चर्चाच रेटली असती, तर ती पुन्हा वर्गात तोंड उघडती की नाही, याची मला शंका आहे.

प्राध्यापिका, बेळगाव

माझी मातृभाषा कन्नड आहे. बेळगावातल्या शहापुरात वाढल्यामुळे मला मराठी येते. शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्याव्यात.

आमच्याकडे सीमाप्रश्नावर चर्चा ठेवण्याचे ठरले, तेव्हा कोणाला झुकते माप नको म्हणून मी इंग्रजीत बोलण्याचा नियम केला. तो नियम म्हणजे माझी मोठी चूक होती. इंग्रजी माध्यमातली चार मुले तासभर बोलली आणि ज्यांच्या गावांचा प्रश्न होता, ती मराठी व कन्नड शाळांतून आलेली मुले वहीत रेघोट्या ओढत बसली. दुसऱ्या वेळी ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावे असे ठरवले आणि दोन्ही भाषा येणाऱ्या एका विद्यार्थ्याला दुभाषा म्हणून बसवले. वेळ दुप्पट लागला, पण प्रत्येक वाक्य थांबून पुन्हा ऐकावे लागत असल्याने आवाज चढायला वावच उरला नाही. (दुभाषा मात्र दमून गेला, त्याला मध्ये चहा द्यावा लागला.)

त्या दिवशी मी सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातल्या शिफारशी फळ्यावर लिहिल्या. मराठी मुलांना ‘बेळगाव कर्नाटकातच ठेवावे’ ही एकच शिफारस ठाऊक होती, तर कन्नड मुले ‘अहवाल अंतिम’ एवढेच ऐकून आली होती. परंतु याच अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोटच्या बाजूची मिळून २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, असेही आहे. निपाणीचा एक कन्नड मुलगा फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे हा अहवाल लागू करा म्हणून मी घोषणा दिली, तर मीच महाराष्ट्रात जाणार?” सगळा वर्ग हसला, तोही हसला. कोणाचेही मत त्या दिवशी बदलले नाही आणि ते बदलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

विद्यार्थी, बेळगाव तालुका

आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमात झेंड्यावरून मारामारी झाली. मी त्यात नव्हतो, पण व्हिडिओत माझा चेहरा दिसत होता, म्हणून आईने आठ दिवस घराबाहेर सोडले नाही. सत्राच्या शेवटी हजेरी कमी भरली आणि कॉलेजने परीक्षेचा अर्ज अडवला. माझ्याकडून दंड घेतला, वडिलांची सही घेतली, हमीपत्रही घेतले. मात्र आठ दिवस का आला नाहीस, हे कोणीही विचारले नाही. ‘विद्यार्थी संवाद’ नावाचा कार्यक्रम त्याच महिन्यात झाला. मी गेलो नाही.

वसतिगृह अधीक्षक

तणाव वाढला की मी मेसमधला टीव्ही बंद करत असे. मुलांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती, कारण बातम्या बंद झाल्या की अफवा मोबाइलवरून येत आणि त्या जास्त वाईट असत. आता एक कन्नड आणि एक मराठी वर्तमानपत्र एकाच टेबलावर ठेवतो.

२०२२ च्याच त्या दिवसांत एक मुलगा तीन दिवस मेसमध्ये आला नाही. त्याच्या खोलीतला धारवाडकडचा मुलगा रोज दारातून ‘ऊटा आयता?’ (जेवण झाले का?) म्हणून विचारी आणि उत्तर आले नाही की ताट वर घेऊन जाई. मला हे चौथ्या दिवशी कळले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तेव्हापासून मी सूचनाफलकावर दोन्ही भाषांत लावला आहे, पण कोणाचे ताट वर गेले, हे आता आचाऱ्याला रोज रात्री विचारतो.

आई, खानापूर तालुका

आमचे गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत येते, त्यामुळे सीमाभागाच्या सवलतीतून मुलाला कोल्हापूरकडे प्रवेश मिळाला. गावाचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जमवताना माझ्या चपला झिजल्या. इथे शाळेत असताना त्याला ‘महाराष्ट्रात जा’ म्हणून ऐकावे लागे. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याचे नाव ‘कर्नाटक’ पडले. “ए कर्नाटक, इकडं ये,” असे मित्र प्रेमाने म्हणतात, असे तो सांगतो. प्रेमाने म्हणतात की कसे, हे मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने विषय बदलला.