अनुभव धागा: शाळा आणि परिसर यांचं नातं मुख्याध्यापक कसं बांधतात?

मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शाळेच्या समित्यांवर काम केलेले पालक, सगळ्यांनी लिहावं. 'पालकांचा सहभाग हवा' हे इथे सर्वांनाच मान्य आहे, त्यामुळे त्याच्या पुढचं लिहा. काय करायचं, किती वेळ लागतो, कुठे बिनसतं आणि का.

मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा

सुरुवात घरभेटींपासून करावी, पण फक्त दंगा करणाऱ्या किंवा मागे पडलेल्या मुलांच्या घरी जाऊ नये. शिक्षक दारात आले म्हणजे पोरानं काहीतरी केलं, असा एकदा समज झाला की पुढच्या वेळी कुणी घरी सापडत नाही. एक तर वर्गातल्या सगळ्यांकडे जावं, नाहीतर हुशार-मध्यम-अडखळणारी अशी सरमिसळ यादी करावी.

दोन शिक्षकांनी मिळून जायचं. वेळ आधी विचारून घ्यायची आणि घरी बोलवायला संकोच वाटत असेल तर पालक म्हणतील तिथे भेटायचं. वीस ते तीस मिनिटं पुरतात. पहिल्या भेटीत हजेरी, गुण, तक्रार यातलं काहीच काढायचं नाही. विचारायचं ते एवढंच: "तुमच्या मुलानं पुढे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? ते घरी कशात रमतं?" वही-पेन पिशवीतच ठेवावं. समोर लिहायला लागलं की बोलणारा माणूस सावध होतो आणि ठरावीक उत्तरं देऊ लागतो. टिपणं बाहेर पडल्यावर लगेच, दोघांनी मिळून करावीत.

हिशेब असा की तीस मुलांचा वर्ग, आठवड्याला तीन भेटी, म्हणजे दहा आठवडे. मुख्याध्यापकाची खरी कसोटी इथे लागते. हा वेळ वेळापत्रकात धरला नाही किंवा त्याचा मोबदला दिला नाही, तर तिसऱ्या आठवड्यात भेटी बंद पडतात आणि खापर शिक्षकांवर फुटतं. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोमध्ये १९९८ साली पालक आणि शिक्षकांनी मिळून घरभेटींचं काम सुरू केलं. तिथले नियम हेच होते: भेट शिक्षक आणि पालक दोघांच्याही मर्जीनं, शिक्षकांना प्रशिक्षण आणि मोबदला, जोडीनं जाणं, ठरावीक मुलांना वेगळं न काढणं.

पर्यवेक्षक, माध्यमिक विभाग

घरभेटींबद्दल वर उत्तम लिहिलंय. मी पालकसभेबद्दल लिहितो, कारण शाळेची सर्वांत जास्त पुण्याई तिथेच वाया जाते. भाषणं आणि सूचना यात सगळा वेळ जातो, शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना उरतात, तेव्हा निम्मे लोक उठलेले असतात.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका शाळा-जिल्ह्यात सुरू झालेली पद्धत मला फार मोलाची वाटते. वर्षाला वर्गाच्या तीन सभा, प्रत्येकी ७५ मिनिटांच्या, आणि प्रत्येक पालकाबरोबर एक स्वतंत्र अर्ध्या तासाची भेट. सभेत शिक्षक एकच कौशल्य घेतात, समजा मिनिटाला किती शब्द नीट वाचता येतात. फळ्यावर संपूर्ण वर्गाचा आलेख असतो, नावांशिवाय. प्रत्येक पालकाला आपल्या मुलाचा आकडा मिळतो आणि आलेखात तो कुठे बसतो हे त्याचं त्याला कळतं. मग घरी करण्याची एक कृती शिक्षक करून दाखवतात, पालक शेजारच्या पालकाबरोबर ती तिथेच करून बघतात आणि साठ दिवसांचं उद्दिष्ट स्वतः लिहितात.

बिघडतं दोन ठिकाणी. एक, आकडा बंद पाकिटात न देता यादी फिरवली तर ज्यांची मुलं मागे आहेत ते पालक पुन्हा येत नाहीत. दोन, कृती अशी निवडली जाते की पालकाला स्वतःला वाचता यायला हवं. त्याऐवजी मुलानं वाचावं आणि पालकानं "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारावं, अशी कृती निवडा. निरक्षर आजीसुद्धा ती उत्तम करते.

सभेच्या दोन वेळा ठेवा, एक सकाळची, एक संध्याकाळची. धाकट्या भावंडांना सांभाळायला एक वर्ग उघडा. त्याशिवाय आया येऊ शकत नाहीत.

मुख्याध्यापक, ग्रामीण शाळा

शाळेतून जाणारा पहिला निरोप चांगल्या बातमीचा असावा, वर्ष सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. त्यानंतर तक्रारीचा फोन करावा लागला तर तो ऐकून घेतला जातो. सूचना पाच ओळींत बसवा: काय, कधी, कुठे, सोबत काय आणायचं, कुणाला विचारायचं. पाठवण्याआधी ती शाळेबाहेरच्या दोघांना वाचायला द्या आणि काय समजलं ते विचारा.

समितीवर सहा वर्षं असलेली पालक

समितीत पालकांना बोलावतात, पण कागद सभेच्या टेबलावरच हातात पडतो. तीस पानांचा अंदाजपत्रकाचा गठ्ठा तिथल्या तिथे कोण वाचणार? मग सह्या होतात आणि अहवालात 'सर्वानुमते' लागतं. कागद आठवडाभर आधी द्या, वर एक पान साध्या भाषेतलं. आणि निदान एक खरा निर्णय, लहान का होईना, पूर्णपणे पालकांवर सोपवा: ग्रंथालयाच्या पुस्तकांची निवड, सभांच्या वेळा, मैदानाच्या डागडुजीचा क्रम. त्या निर्णयात नंतर बदल करायचा नाही. एकदा बदलला की पुढच्या सभेला गणपूर्तीसुद्धा होत नाही.

जेम्स कोमर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराच्या दोन शाळांत काम सुरू केलं. त्यांच्या समित्यांचे तीन नियम होते: दोष कुणाचा हे शोधत बसायचं नाही, निर्णय मतदानाऐवजी सहमतीनं, आणि सगळ्यांनी एकत्र काम करायचं. पहिला नियम सर्वांत अवघड. त्यासाठी अध्यक्षानं 'हे का झालं' ऐवजी 'आता काय करायचं' या प्रश्नानं विषय उघडावा.

मुख्याध्यापिका, शहरातली शाळा

तक्रारींसाठी चार रकान्यांची वही पुरते: तारीख, म्हणणं, कोण बघणार, काय झालं. 'मिळाली, बघतो' एवढं उत्तर दोन दिवसांच्या आत जायलाच हवं. महिन्यातून एकदा दाराशी फलक लावा: तुम्ही सांगितलं ते, आम्ही केलं ते, आणि जे जमलं नाही ते कारणासह. तिसरा भाग गाळायचा मोह फार होतो, पण माणसं आधी तोच वाचतात. शिकागोच्या शाळांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या ब्रिक आणि श्नायडर यांनी शाळेतल्या विश्वासाचे चार आधार सांगितले: आदर, कामातली हातोटी, आपुलकी आणि दिलेल्या शब्दाला जागणं. फलक चौथ्यासाठी.

इमारतीची जबाबदारी सांभाळणारा शिक्षक

शाळा संध्याकाळी परिसराला उघडी हवी, ही कल्पना जुनी आहे. शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये शाळा आणि प्रौढांच्या शिक्षणाचं केंद्र एकाच आवारात असावं म्हणून 'ग्राम महाविद्यालयं' मांडली. सॉस्टनचं पहिलं १९३० मध्ये उघडलं. ध्येय मोठं असलं तरी ही व्यवस्था अडते ती किल्लीवर आणि बाकांवर. एका पानाचा करार करा: कोणत्या खोल्या, किती वाजेपर्यंत, कुलूप कोण लावणार, मोडतोड झाली तर कुणी भरायची, शौचालय कोण धुणार. नावं दोघांची लिहा, एक आजारी पडला तर दुसरा. प्रत्येक वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला बाकांच्या मांडणीचा फोटो चिकटवा आणि जाताना तसं लावून जा, असं लिहा. सकाळी बाक हललेले दिसले, फळ्यावरचं लिहिलेलं पुसलेलं दिसलं की शिक्षक चिडतात, आणि महिन्याभरात त्यांच्याच आग्रहानं दार बंद होतं.

निवृत्त मुख्याध्यापक

एक गोष्ट सुटली. हे सगळं नातं बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या फोनमध्ये असतं आणि बदलीबरोबर निघून जातं. एक वही ठेवा: परिसरात कुणाचा शब्द चालतो, कुणाला काय वचन दिलंय, कुठलं अर्धवट आहे. पदभार देताना नव्या मुख्याध्यापकांना सोबत घेऊन त्यातल्या दहा-बारा जणांना समक्ष भेटवा, आणि अर्धवट राहिलेली वचनं त्यांच्यासमोरच वाचून दाखवा.