मदत हवी आहे : यजमानांची बदली होणार की नाही ठरत नाही, नवी नोकरी धरू का?

दारव्हेकरीण
नमस्कार मंडळी. आठ दिवसांत हो-नाही कळवायचं आहे. दारव्ह्याजवळ जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब सांभाळते, १ जुलै २०२१ पासून, बारमाही हजेरीपटावर. मूळ पगार अधिक महागाई १३,५००. पीएफ कापून ११,८८० हातात. यवतमाळला लोहारा एमआयडीसीत १८,००० वर बोलावतात, १ फेब्रुवारी २०२६ पासून. एक वर्षाचा बॉन्ड, तीन महिन्यांची नोटीस, मूळ गुणपत्रिका जमा करायच्या. एसटीत अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन सत्तरेक रुपये.

यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेवर, यंदा बदलीच्या यादीत आहेत. उमरखेड किंवा झरी-जामणी आलं तर मे-जूनमध्ये बिऱ्हाड हलवावं लागेल. नाही आलं तर दारव्हाच. अशा वेळी नवी नोकरी धरावी का?

हिशेबनीस
आधी एकच विचारा ताई : १८,००० हा पे-स्लिपवरचा एकूण पगार की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च)?

एकूण पगार असेल तर पीएफचे १,८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के) आणि ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, १३५ (०.७५ टक्के) जाऊन १६,०६५ हातात येतील. बाईमाणसाला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.

सीटीसी असेल तर मालकाचा वाटासुद्धा त्याच १८,००० मधून जातो. पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १,९५०, ईएसआयसी ३.२५ टक्के. मग खरा पगार उरतो १५,५४५ च्या आसपास, आणि त्यातून तुमची कपात गेली की हातात १३,६२८. म्हणजे आजच्यापेक्षा १,७४८ जास्त. एसटीचे २६ दिवसांचे १,८२० वजा करा. खिशातून बहात्तर रुपये जातात, वर रोजचे ऐंशी किलोमीटर.

कामगारमित्र
हिशेबनीसांचं गणित बरोबर, पण यात मोठी रक्कम राहून गेली : ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मालकाने वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी द्यायची रक्कम. ३० जून २०२६ ला ताईंची पाच वर्षं भरतात. १३,५०० × १५ ÷ २६ × ५ = ३८,९४२ रुपये. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी हा हक्क आहे. फेब्रुवारीत सोडलं तर यातला पैसाही मिळत नाही. पाच महिन्यांसाठी एवढं सोडू नका.

अनुकूल बाजू धरली, म्हणजे एकूण पगार १८,००० धरला, तरी भाडं जाऊन महिन्याला २,३६५ वाढतात. पाच महिन्यांचे ११,८२५. अडतीस हजारांपुढे ते कुठेच लागत नाहीत.

पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरावं, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. त्या हिशेबानेसुद्धा फेब्रुवारीअखेर उजाडते, आणि मालक अडला तर भांडत बसावं लागतं. पूर्ण पाच भरा.

एक बघून ठेवा. जिनिंगमध्ये हंगामी कामगारांना हंगामामागे फक्त सात दिवसांचा पगार धरतात. तुमचं नाव बारमाही पटावर आहे, तर पावसाळ्यातल्या महिन्यांच्या पे-स्लिपा आणि पीएफ पासबुकाची प्रत आजच काढून ठेवा. वाद झालाच तर हाच पुरावा लागतो.

दाखलेवाला
नव्या जागेच्या अटींवर बोलतो. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका. पडताळणीला दाखवा, सत्यप्रत द्या, मूळ सोबत घेऊन या. पुढच्या गावी नोकरी शोधताना त्याच कागदावाचून अडून बसाल. बदलीचा आदेश निघाला की मास्तरांना लवकर रुजू व्हावं लागतं. तुमची तीन महिन्यांची नोटीस त्यात बसतच नाही. परिविक्षा (प्रोबेशन) काळात पंधरा दिवस, पुढे एक महिना, एवढं नेमणूकपत्रात लिहून मिळालं तरच सही. तोंडी आश्वासन धरू नका.

आणि पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा, नव्या ठिकाणी तोच नंबर द्या, रक्कम वळती करा. पाच वर्षं सलग भरण्याआधी काढली तर करपात्र होते.

दारव्हेकरीण
फोन केला. सीटीसीच आहे म्हणाले. गुणपत्रिकांवर अडून बसले आहेत.

कामगारमित्र
मग नाही म्हणा, ताई. किंवा 'जुलैत येऊ शकते, मूळ कागद देणार नाही' असं लेखी कळवा. जागा तेव्हाही रिकामी असेल आणि बदली आली नसेल, तर पुन्हा बघा.

बदली आली तरी इथले ३० जूनपर्यंत काढा. मास्तर पुढे जाऊन खोली बघतील. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, तोवर लेकराबाळांची अडचण नाही.

राजीनाम्यात 'सेवेचा शेवटचा दिवस ३० जून २०२६' असं स्पष्ट लिहा. नोटीस एक महिन्याची असेल तर पत्र मेअखेर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कार्यमुक्तीच्या पत्रावर आणि पीएफमध्ये हीच तारीख चढली का, ते तपासा. घाईत कुणी २५ जून टाकली तर पाच वर्षं कागदावर अपुरी राहतात. ग्रॅच्युइटीचा अर्ज तीस दिवसांच्या आत लेखी द्या; मालकाला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर यवतमाळचं कामगार कार्यालय.

हिशेबनीस
मार्चअखेर कापसाच्या खरेदीची बिलं, जीएसटी आणि ताळेबंद एकाच वेळी येतात. त्या घाईत सोडायचं नाव काढलं तर मालक कार्यमुक्तीचं पत्र अडवून धरतो. मे महिन्यात कामं उरकलेली असतात, तेव्हा पत्र सहज निघतं.