प्रायोगिक नाटकाला जाणं ही शिक्षा आहे का?

विंगेतून:
'हौशी संस्थांच्या नाटकांना आता जाणार नाही' हा परवाचा मजकूर वाचला आणि रात्रभर डोकं फिरलं. तक्रारी काय, तर सातचं नाटक सात पस्तीसला सुरू झालं, आधी अध्यक्षांनी भाषण ठोकलं, खुर्चीचा हात निखळलेला होता आणि शेवटी देणगीची झोळी फिरवली. वर 'हौशी म्हणजे ढिसाळपणाचा परवाना' असं प्रमाणपत्रही देऊन मोकळे!

अहो, तीस वर्षं एका संस्थेत पडदा ओढण्यापासून टेम्पोत सेट चढवण्यापर्यंत सगळं केलंय. तिकीट दोनशे. त्यातून हॉलचं भाडं, लाइट, साउंड, टेम्पो, परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, पोरांचा वडापाव. एकशेदहा खुर्च्या, त्यातल्या चाळीसांवर पासवाले. आणि सगळ्यात जास्त नावं ठेवतात ते पासवालेच. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची, तिथे लोक काय गाद्यागिरद्यांवर बसायचे? १९७२ च्या डिसेंबरात तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं, तेही हौशी संस्थेनेच केलं. तेव्हा कुणी खुर्चीचे हात मोजले नाहीत.

पाठदुखी:
तो मजकूर माझाच. छबिलदास निघणार हे ठाऊकच होतं, दुसऱ्या वाक्यात निघालं नाही हेच नवल.

मी पासवाला नाही. दोन तिकिटं काढली होती, चारशे मोजून. गरिबी कळते हो, पण वेळेवर पडदा उघडायला काय खर्च येतो? अध्यक्षांचं भाषण कापायला कुठलं अनुदान लागतं? आणि 'घाशीराम'चं म्हणाल, तर एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद करणारी संस्थाही तीच होती. तेवढं सोयीस्कर विसरलात.

कट्ट्यावरची:
खुर्ची, भाषण, झोळी सगळं झालं. बाथरूमचं कुणी बोलेल का?

आई एकाहत्तर वर्षांची, मधुमेह आहे. नाटकवेडी. गेल्या वर्षी तिला एका दीर्घांकाला नेलं. एक तास पन्नास मिनिटं सलग, मध्यंतर नाही, आणि तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं. तासाभराने ती उठली. अंधारात अकरा जणांचे गुडघे ओलांडून मागच्या अंगणात गेलो तर दाराला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. आई तिथे सेटच्या फळ्यांना टेकून उभी होती, तिचा चेहरा मी विसरणार नाही. नाटकाच्या दिवशी ती दुपारपासून पाणी पीत नाही हे मला त्या दिवशी कळलं. आता ती येतच नाही. म्हणते, टीव्ही बरा.

सांगलीकर:
ताई, वाईट वाटलं. पण दीर्घांकाला मध्यंतर मागू नका. लय तुटते. दहा मिनिटं वडा खाऊन आलेला माणूस त्याच नाटकात परत शिरत नाही. घरून जाऊन यावं, सोपं आहे.

कट्ट्यावरची:
'घरून जाऊन यावं'? तुम्ही पुरुष कुठल्याही भिंतीच्या आड उभे राहता म्हणून हे सुचतं. मध्यंतर असतं तिथे तरी काय होतं? पुरुषांच्या बाजूला कुणी नाही, आमच्या बाजूला तीस जणींची रांग आणि तिसरी घंटा. दुसऱ्या अंकाची पहिली पाच मिनिटं मी आयुष्यात फार कमी नाटकांची पाहिली आहेत. तुमची लय सांभाळा.

सांगलीकर:
चर्चा रंगभूमीची आहे, मुतारीची नाही.

बाराखडी:
सांगलीकर, शब्द जपून. आणि लय कसली सांगता? संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा. कुणाची लय तुटली? दीड तास बसवायचं तर पाटी लावा: 'मध्यंतर नाही.' माणूस ठरवेल यायचं की नाही.

मिनीआपोलिसकर:
इथे गथ्री नावाचं थिएटर आहे, १९६३ पासून, तेही ना-नफा. झोळी इथेही आहे बरं का, फक्त ती छापील असते. कार्यक्रमपत्रिकेत देणगीदारांची नावं पानंच्या पानं. पण प्रयोग किती मिनिटांचा, मध्यंतर आहे की नाही, हे आधी कळतं.

विंगेतून:
आले मिनीआपोलिस! डॉलरमध्ये देणगी पाठवा, आम्हीही पानंच्या पानं छापू.

पाठदुखी:
तिकीट वाढवा ना मग. पाचशेपर्यंत जीएसटीही नाही. तीनशे देईन, पण सात म्हणजे सात.

विंगेतून:
तीनशे केलं की पहिला मजकूर तुमचाच येईल, 'प्रायोगिकवाले लुटतात' म्हणून.

बरं, कट्ट्यावरच्या ताईंसाठी लिहितो, बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. काल रात्री आमच्याच हॉलच्या मागे जाऊन आलो. तीस वर्षांत बायकांच्या बाजूला पहिल्यांदाच गेलो असेन. कुलूप होतं. आत जुन्या नाटकाचा तुळशीवृंदावनाचा सेट. तो हलवतो, आणि किल्ली शनिवारपासून प्रेक्षागृहाच्या दारातच खिळ्याला असेल. प्रयोग किती मिनिटांचा तेही जाहिरातीत छापू. भाषण मात्र थांबणार नाही. हॉलचं भाडं अध्यक्षच भरतात.

पाठदुखी:
म्हणजे पस्तीस मिनिटं उशीर हे भाडं होतं तर. आधी सांगायचंत, मी पावती मागितली असती.

शनिवारी येतो. सव्वासातला पडदा नाही उघडला तर उठून जाईन, आवाज करत.

विंगेतून:
हात निखळलेली खुर्ची राखून ठेवतो.

कट्ट्यावरची:
सेट हलवाल तेव्हा आतून कडी लागते का तेही बघा. आणि दिवा. आईला अजून काही सांगितलेलं नाही, आधी मी एकटी येऊन बघते.