मदत हवी आहे: जुने डॉलर, पौंड आणि मार्क पूर्ण भावात कुठे बदलतील?

नोटा अशा: १९९६च्या सिरीजआधीचे, छोट्या चेहऱ्याचे शंभराचे डॉलर, वीस पौंडाच्या कागदी नोटा आणि थोडे जर्मन मार्क (जर्मनीचं युरोआधीचं चलन).‌ रस्त्यावरचे मनी चेंजर ‘जुनी सिरीज’ म्हणत डॉलरचा भाव पाडतात. खरं तर १८६१पासूनची प्रत्येक डॉलर नोट अमेरिकेत वैध आहे. कागदी वीस पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड पूर्ण किंमत देते. मार्क बदलायला जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत, बुंडेसबँकेत, मुदतच नाही, १.९५५८३ मार्कांना एक युरो. तरी हे लोक ‘रद्दी’ म्हणून निम्म्याने मागतात. वर मोजताना गड्डीत एखादी नोट दुमडून दोनदा मोजतात, ते वेगळंच!

या बँकांना पोस्टाने नोटा पाठवताना कोणती कागदपत्रं जोडावी लागतात? पिनांची भोकं, शिक्के असलेल्या डॉलरना पूर्ण भाव कोण देतं?