बोंडू गोव्याला, बी आफ्रिकेची. मग सिंधुदुर्गाच्या काजूचं काय?

दोडामार्गकर : मार्च-एप्रिलात आमच्या वाडीतून बोंडूचे, म्हणजे काजूच्या रसाळ फळाचे, टेम्पो गोव्याच्या दारूच्या भट्ट्यांकडे जातात. रस्त्यापासून आत असलेल्या बागांतले बोंडू झाडाखालीच कुजतात, कारण दुसऱ्या दिवशीच ते आंबायला लागतात. वजनात बोंडू बीच्या कितीतरी पट भरतो. म्हणजे झाड देतं त्यातलं बहुतेक आपण टाकतो, नाहीतर मातीमोल विकतो. पलीकडे त्याच रसाची उराक (पहिल्या धारेची हलकी दारू) होते, फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आपण मात्र बीच्या दरावरच भांडत बसलोय. माझं स्पष्ट मत आहे, बोंडूवर प्रक्रिया आपल्याच तालुक्यात व्हायला हवी, दारूसकट.

आजरेकर : दारूसकट या शब्दाला माझा विरोध. माझं आजऱ्यात छोटं काजू युनिट आहे. साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो, आणि पैसा ठरतो तो गर अख्खा निघाला की नाही यावर. बी नीट वाफवून सुकवली नाही तर कटरखाली गर फुटतो. अख्ख्या २४० नंबरचा (मोठ्या गराच्या प्रतीचा) माल तिथेच पाकळी किंवा तुकडा होतो आणि दर कोसळतो. आमच्याकडच्या बायका टरफलाचं तेल हाताला भाजू नये म्हणून एरंडेल लावून बसतात. हे कौशल्य आजरा-चंदगडने वर्षानुवर्षं कमावलंय. जोर लावायचा तर इथे लावा. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, मग आफ्रिकेची आणावी लागते. जुन्या बागा बदलून वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ अशी चांगली कलमं लावणं बोंडूपेक्षा जास्त गरजेचं आहे.

म्हापशाची : दादा, गोव्यात भट्टी म्हणजे सोन्याची खाण नाही. भट्टीच्या जागांचे दरवर्षी लिलाव होतात, हंगाम दोन-तीन महिन्यांचा, आणि बोंडू वेचायला माणसं मिळत नाहीत. माझ्या मामांनी याच कारणाने भट्टी बंद केली. दुसरी गोष्ट, मानांकन गोव्याचं आहे, त्यामुळे तुमच्या दारूला फेणी म्हणता येणार नाही. नवं नाव रुजवायला एक पिढी जाईल.

दोडामार्गकर : ताई, नावाचं मान्य. पण वेंगुर्ला काजूलाही मानांकन आहेच, ते आपण किती पाकिटांवर छापतो? आणि आजरेकर, कलमं लावा म्हणता, ते बरोबर. पण नव्या कलमांनाही बोंडू येणारच! तो कुठे टाकायचा?

वेंगुर्लेवासी : गोवा विरुद्ध आपण ही मांडणीच मला चुकीची वाटते. केरळातल्या कोल्लमकडे बघा. एकेकाळी देशाचा काजू तिथे फुटायचा. मजुरी वाढली, कच्ची बी महागली आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. व्हिएतनामने यंत्रं लावली आणि गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं. मंगळुरूने यंत्रं घेतली, आंध्रात काजू प्रक्रियेचं गाव पलासा आहेच. नुसत्या गराच्या दरात आपलं छोटं युनिट या सगळ्यांपुढे टिकणार नाही. व्हिएतनामला कच्ची बी बोटीने नेता येते, ताजा बोंडू नेता येत नाही. आपल्या हातात जे वेगळं आहे ते हेच. दारू नको असेल तर सरबत करा, सिरप करा.

आजरेकर : बोंडूचा मुद्दा पटला, पण सरबत घशाला खवखवतं हे विसरू नका. तो तुरटपणा काढल्याशिवाय गिऱ्हाईक दुसरी बाटली घेणार नाही. आधी एखाद्या गावाने शंभर बाटल्या करून आठवडी बाजारात विकून दाखवाव्यात. माझ्या युनिटमधली बाटल्या भरायची जागा मी हंगामापुरती देतो.

दोडामार्गकर : आजरा लांब पडतं हो, पोचेपर्यंत बोंडू आंबेल. रस इथेच काढून, गाळून, बर्फात घालून आणला तर चालेल का? उद्या सकाळी टेम्पो भरायचा आहे, बोंडूच्या डब्याचा दर व्यापाऱ्याने अजून सांगितलेला नाही. चालणार असेल तर वीस डबे बाजूला ठेवतो.